महिनाअखेरचा डबा

दिनू, मखाण्याचं पाकीट अजून फळीवर तसंच आहे. अर्धं संपलेलं, तोंडाला रबर लावलेलं. तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, नागपूरचा आपला चुलतभाऊ सुधीर काल सकाळच्या गाडीने गेला, सतरंज्या मंडपवाला घेऊन गेला. आता घरात मी, तुझी मोटरसायकल आणि हे पाकीट. ते फेकवत नाही, कारण महाग आहे. खाववत नाही, कारण तुझंच म्हणणं खरं, त्याला थर्माकोलची चव आहे.

लोक येतात आणि माझ्या डोळ्यांकडे बघतात, ही किती रडली असेल म्हणून. धाकटा भाऊ सकाळी दात घासता घासता छातीवर हात ठेवून मोरीच्या कठड्यावर बसतो आणि पुन्हा उठत नाही, म्हटल्यावर बहिणीने रडायलाच हवं. मी रडलेही. पण तुला म्हणून सांगते, मी रडते कमी आणि चिडते जास्त. येणाऱ्यांपुढे तसं बोलता येत नाही. गेलेल्या माणसावर चिडायचं नसतं म्हणतात. मग कोणावर चिडू? तूच समोर होतास इतकी वर्षं, तूच ऐकून घे.

चीड आहे ती तुझ्या चार वाजताच्या खाण्याची.

आईबाबा गेल्यावर सुपेल्याच्या या दोन खोल्यांत आपण दोघंच उरलो. बाबा इथे छत्तीसगडात प्लांटमध्ये क्लार्क होते, त्यांना प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये क्वार्टर होतं, रिटायर झाले तसं ते गेलं. तू ठेकेदाराच्या गँगमध्ये लागलास, कन्व्हेअरच्या पट्ट्यांवर. ठेक्यावरचा म्हणून तुला कोणी मुलगी दिली नाही. माझं का जमलं नाही ते तुला माहीत आहे, ते इथे नको. मी गल्लीतल्या खाजगी शाळेत चौथीला शिकवते, आणि त्या पगाराला पगार म्हणायचं की नाही यावर तू नेहमी हसायचास. तर असं आपलं दोघांचं. भांडणं भरपूर, पैसा बेताचा, आणि रविवारी सुपेल्याच्या बाजारात भाजीपेक्षा जास्त घासाघीस आपसातच.

मग तुला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, जेवण ठीक आहे, गोळ्या ठीक आहेत, ते मधलं खाणं तेवढं सांभाळा. कारण तू सकाळी सातला निघायचास, पोळीभाजी बारा-साडेबाराला खायचास, आणि घरी परत यायला तुला सात वाजायचे. मध्ये चार वाजता चहा, आणि चहाबरोबर समोसा. कधी आलूगुंडा, म्हणजे बटाटेवडा. कधी दोन्ही. म्हणजे देवाने आणि डॉक्टरने मिळून मला एवढं एकच काम दिलं होतं: चार वाजता माझ्या भावाच्या पोटात समोशाऐवजी दुसरं काहीतरी घालायचं. पोट भरेल असं, शुगर चढवणार नाही असं, आणि आपल्याला परवडेल असं. ऐकायला किती सोपं. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी दुकानात मिळतात. तिसरी मागितली की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

आठवतं, त्या आहारवाल्या बाईंकडे गेलो होतो आपण? गोरी, बारीक, टेबलावर प्लास्टिकचं सफरचंद ठेवलेलं. तिने छापील कागद दिला. चार वाजता काय घ्यायचं, तर बदाम, अक्रोड, भाजलेले मखाणे, एखादं पेर नाहीतर कीवी, आणि सोबत हिरवा चहा. तू गंभीर चेहरा करून विचारलंस, "मॅडम, ये कीवी रोज़ खाना है कि त्योहार-त्योहार में?" तिला कळलंच नाही. मी खाली बघत राहिले. बाहेर आल्यावर रिक्षा स्टँडपाशी उभं राहून आपण इतके हसलो की पानवाला बघायला लागला. मग हसणं थांबलं आणि मी तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला, कारण तिची फी दिली होती.

मोबाइलवर बघावं तर तिथे निराळाच तमाशा. ‘स्वस्तात मस्त पौष्टिक स्नॅक’ असं एक बाई म्हणते, आणि ती फ्रिजमधून जी वस्तू काढते तिचं नावसुद्धा आपल्या किराणावाल्याला माहीत नाही. चिया. किन्वा. वरून म्हणते, ‘हे तर आपल्या सगळ्यांच्या घरात असतंच.’ कोणाच्या घरात असतं गं बाई? आमच्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर तूरडाळसुद्धा जपून असते. मी त्या व्हिडिओंना उलट उत्तरं द्यायची आणि तू पलीकडून म्हणायचास, "ताई, ते तुले ऐकून नाही राहिली."

पण मी सोडलं नाही. मला जे जमेल ते केलं. ओट्सचे चिले करून दिले, ते दुपारपर्यंत गार होऊन टायरसारखे झाले, असं तू म्हणालास आणि तेच तू प्रेमाने म्हणतोस असं दाखवलंस. जवसाचे लाडू केले, बिनगुळाचे, थोडा खजूर घालून. तू एक खाऊन म्हणालास, "चांगले आहे. फक्त थोडा गाडीच्या ऑइलचा वास येते." सत्तू दिला, तर तो पाण्यात कालवायला तिथे भांडं कुठे म्हणालास. तिवऱ्याच्या, म्हणजे आपल्या लाखोळीच्या डाळीचे वडे वाफवून दिले, तर तूच घाबरलास, कारण आई सांगायची की लाखोळी खाल्ली की पाय जातात. इकडे अख्खं छत्तीसगड तिवरा खाऊन चालतं-फिरतं, पण आपण वरूडकडचे, आपल्या डोक्यात आईचं वाक्य बसलेलं.

शेवटी मी त्या छापील कागदावरच आले. पगार झाला की पहिल्यांदा बदाम आणायचे, अक्रोड आणायचे, मखाणे आणायचे. थोडे थोडेच. मी स्वतःच्या चहाबरोबरचं टोस्ट बंद केलं आणि तुझ्या बदामात घातलं. ते तुला मी सांगितलं नव्हतं, आज सांगते. त्या स्टीलच्या छोट्या डबीत बदाम, अक्रोडाचे तुकडे, तुपात परतलेले मखाणे असं घालून द्यायचे, झाकण लावताना मला बरं वाटायचं. वाटायचं, क्लार्कचा मुलगा आहे, उन्हातान्हात पट्ट्यांवर चढतो तो चढतो, पण निदान खातो तरी बरं.

आणि महिन्याच्या शेवटी ते संपायचं. मग काय द्यायचं? मग मी काळे चणे भिजवायचे आणि उकडायचे. त्यात कांदा, थोडे मुरमुरे, इकडचा मुर्रा, भाजलेले फल्लीदाणे, वरून लिंबू आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. ते छोट्या डबीत मावायचं नाही म्हणून चिवड्याच्या जुन्या मोठ्या डब्यात भरायचे. ते भरताना मला लाज वाटायची. तुला माहीत आहे का वाटायची ते. आई आपल्याला सेक्टरच्या मैदानावर खेळताना पुडीतले चणे खाऊ द्यायची नाही. "लेबरच्या पोरायसारखे रस्त्यावर चणे फाकू नका," म्हणायची. पिशवीत चणे दिसले तर बाबांनाही बोलायची. तेच चणे भरून मी माझ्या शुगर असलेल्या भावाला कामावर पाठवायची आणि मनात म्हणायची, एक तारीख येऊ दे, मग नीट देते.

आता ऐक, माझं डोकं कशाने उठायचं. डबी रोज रिकामी यायची. चाटून पुसून रिकामी. मी विचारायचे, "खाल्लं?" तू म्हणायचास, "हो." "अन् समोसा?" "एक खाल्ला." "कावून खाल्ला? डब्बा होता ना?" "तिथी एकट्यानं खाता नाही येत, ताई." झालं. एवढंच. आणि टीव्ही लावायचास. मला वाटायचं, हा सरळ बहाणा आहे. चार माणसं समोसा खातात म्हणून यालाही पाहिजे. जिभेचे चोचले, दुसरं काय.

रविवारी सकाळी आपण मशीनवर शुगर बघायचो. तपासायच्या पट्ट्या महाग म्हणून आठवड्यातून एकदाच. आणि गंमत अशी की महिन्याच्या सुरुवातीला, जेव्हा मी बदाम देत होते, तेव्हा शुगर वर. आणि महिनाअखेर, जेव्हा लाजत लाजत चणे देत होते, तेव्हा खाली. मी त्याचा अर्थ काय लावला सांगू? मी म्हटलं, पगार झाला की हा बाहेर चैन करतो. हातात पैसे आले की आलूगुंडे, जिलेबी, काय काय खात असेल, आणि पैसे संपले की आपोआप शहाणा होतो. किती हुशारीने लावला होता अर्थ. तुला मी तसं तोंडावर म्हटलंही. तू नुसता हसलास. दिनू, अशा वेळी हसायचं नसतं. अशा वेळी बोलायचं असतं.

नाही म्हणायला तू एकदा बोललास. मागच्याच महिन्यात. डबा घेऊन निघताना दारात थांबलास आणि म्हणालास, "ताई, तुझा महिन्याच्या शेवटचा डब्बा चांगला असते. तोच देत जाय ना नेहमी."

मला ते इतकं लागलं की काय सांगू. मी म्हटलं, "टोमणे मारून राहिला का? बदाम काय घरच्या झाडाले लागते?"

"टोमणा नाही मारून राहिलो. खरं सांगून राहिलो."

"मंग काय तुले लेबरचंच खाणं पायजे?"

तू हेल्मेट हातात घेऊन उभा होतास. अगदी शांतपणे म्हणालास, "मी लेबरच आहो, ताई."

आणि गेलास. दोन दिवस आपण धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू येताना माझ्यासाठी शाळेच्या चपलेचा अंगठा शिवून आणलास, म्हणजे तुझ्याकडून भांडण मिटलं. माझ्याकडून नव्हतं मिटलं. एक तारखेला मी मुद्दाम जास्त बदाम आणले. तूही काही न बोलता डबी घेऊन गेलास. त्याच आठवड्यात तू गेलास. आता त्या वाक्यावर मी कोणाशी भांडू? तू तर ते बोलून मोकळा झालास.

एक गोष्ट मात्र मान्य करते, तू मला एक शपथ घातली होतीस आणि मी ती पाळली होती. शुगरचं कोणाला सांगायचं नाही. शेजारी नाही, नातेवाइकांत नाही, आणि तुझ्या गँगमधल्या कोणालाही तर अजिबात नाही. उंचावर चढायला हाइट पास लागतो, त्याची तपासणी होते, आणि एकदा का तिथे शुगर कळली की चढू देत नाहीत. जो चढत नाही त्याला ठेकेदार कशाला ठेवेल, असं तू म्हणायचास. मला ते पटत नव्हतं. चक्कर येऊन वरून पडलास तर काय, यावरून आपण कितीदा भांडलो. तू म्हणायचास, "पडलो तं पडलो. घरी बसून काय खाऊ, तुझे मखाणे?" म्हणून मी शपथ पाळत राहिले. तुझ्या गँगमधला साहू रस्त्यात भेटला तरी मी त्याला दिनूला समोसा देऊ नका असं सांगू शकत नव्हते. तोंडावर कुलूप, आणि किल्ली तुझ्याजवळ.

तेरवीच्या संध्याकाळी तुझी गँग आली. दुपारच्या पंगतीला ड्युटी होती म्हणून येता आलं नाही, सुटल्यावर सरळ आले, कामाच्या कपड्यांतच. सहाजण. कुम्हारीचा साहू, उतईचा वर्मा, बाकीच्यांची नावं मला त्याच दिवशी कळली. बूट बाहेर काढून सतरंजीवर ओळीने बसले. साहू वयाने मोठा, तो एकदा म्हणाला, "का बतावँव दीदी," म्हणजे काय सांगू. मला त्यांचं येणं बरं वाटलं. तू बारा-पंधरा वर्षं ज्यांच्याबरोबर घालवलीस त्यांना मी पहिल्यांदाच असं समोर बसलेलं बघत होते.

आणि आपल्या सुधीरने काय करावं? पाहुणे कामावरून थकून आलेत, नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून मला न विचारता चौकातून समोसे मागवले. गरम गरम, कढईतून काढलेले, हिरव्या चटणीबरोबर. परात भरून आणून त्यांच्या मधोमध ठेवली. सुधीरची चूक नाही, त्याला काय माहीत. कोणी हात लावेना. मग साहूने घरचा मान ठेवायचा म्हणून एक उचलला. त्याचं बघून वर्माने उचलला.

दिनू, मला काय झालं ते मला कळलं नाही. मी जवळजवळ ओरडलेच. म्हटलं, "उसको शुगर थी। पाँच साल से शुगर थी। और आप लोग रोज़ उसको यही खिलाते थे।"

सुधीर धावत आला, "ताई, ताई," करत. तुझी शपथ मी मोडली होती, आणि तीही अशी, तेरवीच्या दिवशी, घरी आलेल्या माणसांच्या तोंडावर. मला वाटलं, आता हे उठून जातील. गेले असते तर त्यांचं चुकलं नसतं.

साहूने हातातला समोसा परातीत परत ठेवला. तुकडासुद्धा मोडला नव्हता. तो म्हणाला, "दीदी, हमको मालूम नहीं था। उसने बताया नहीं।" मग खाली बघून म्हणाला, "मेरे को भी है।"

वर्मा त्याच्याकडे बघतच राहिला. "आपको भी?"

"तीन साल हो गया।"

"मेरे को भी है, साहूजी।"

मला पहिल्यांदा अर्थ लागेना. मग लागला. तुम्ही तिघं. एकाच गँगमध्ये, एकाच पट्टीवर, वर्षानुवर्षं एकाच चहाला. तिघांनाही शुगर, आणि एकालाही दुसऱ्याची माहिती नाही, कारण तिघांनाही हाइट पासची भीती. रोज एकाची पाळी समोसे आणायची. ज्याची पाळी त्याने सगळ्यांना द्यायचे, आणि दिलेल्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून साहू वर्मासाठी खायचा, वर्मा तुझ्यासाठी खायचा, आणि तू त्या दोघांसाठी. तिघांनाही नको असलेला समोसा रोज चार वाजता येत होता आणि रोज संपत होता.

मी विचारलं, "मग मी जो डबा देत होते, तो?" वर्मा म्हणाला, "वो तो बँटता था, दीदी। अकेले कैसे खाएगा, गैंग में?" मग जरा चाचरत म्हणाला, "महीने के शुरू में तो एक-एक बादाम आता था हिस्से में। मगर आखिरी हफ़्ते में आप वो चना-मुर्रा भेजती थीं ना, बड़े डब्बे में? उन दिनों हम लोग समोसा मँगाते ही नहीं थे। सबका पेट उसी में भर जाता था। दिनू भैया तो राह देखता था उस हफ़्ते की।"

त्या वेळी मला तुझा इतका राग आला, दिनू, की तू समोर असतास तर मी तुझ्या हातातलं हेल्मेट हिसकावून फेकलं असतं. अरे, सात जणांत सात बदाम! मी टोस्ट बंद करून बदाम आणायचे, आणि ते सात तोंडांत एकेक जाऊन गायब व्हायचे, आणि सातही जण उपाशीच, म्हणून मग समोसे. आणि ज्या चण्यांची मला लाज वाटत होती, जे आईने खाऊ दिले नसते, तेच पोट भरत होते, तेच शुगर आवरत होते, आणि तेच आपल्याला परवडत होते. माझ्या तिन्ही अटी पुऱ्या करणारं खाणं. वर्षानुवर्षं शोधत होते आणि महिन्यातून एक आठवडा मी स्वतःच हाताने भरून देत होते. आणि हे तुला माहीत होतं.

तुला माहीत होतं आणि तू मला काय सांगितलंस? ‘तिथी एकट्यानं खाता नाही येत.’ ‘शेवटचा डब्बा चांगला असते.’ अर्धं वाक्य बोलायचं आणि उरलेलं समोरच्याने ओळखायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. ताप आला तर ‘जरा बरं नाही’ एवढंच म्हणायचास, आणि कपाळाला हात लावला की चटका बसायचा. मास्तरणीला अर्धी वाक्यं कळत नाहीत. मी पोरांना वर्गात पूर्ण वाक्यात उत्तर द्या म्हणून सांगते, तुला मात्र कधी सांगितलं नाही.

का नाही सांगितलंस ते मला आता कळतं, म्हणून तर जास्त राग येतो. सांगितलं असतंस तर मी सात जणांचे बदाम आणायला निघाले असते. माझं टोस्ट गेलंच होतं, मग चहा गेला असता, मग आणखी काहीतरी. तू मला ओळखत होतास. म्हणून तू माझे पैसे वाचवलेस आणि मी तुझी शुगर वाचवत बसले, आणि दोघांनीही एकमेकांना न सांगता काय वाचवलं ते बघ.

तरी एक सांगते, त्या रात्री मला खूप दिवसांनी झोप लागली. त्याआधी आठवलं, माझ्या टायफॉइडमध्ये तू उशाशी बसून पेज पाजली होतीस, तेव्हाही घरात पेजच होती आणि तू वाटी अर्धी करून म्हणाला होतास, मी जेवून आलो. एकटं खाणं तुला कधी आलंच नाही. ते तुझं चांगलं होतं. ते मला आवडायचं. चांगल्या गोष्टीसुद्धा नीट सांगितल्याशिवाय माणसाच्या उपयोगाला येत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

जाताना दारात बूट घालता घालता साहूने विचारलं, "दीदी, वो चना कैसे बनाती थीं?" मी चिडूनच म्हटलं, त्यात बनवायचं काय आहे, भिजवायचे आणि उकडायचे. पण मग सांगितलं. कांदा आयत्या वेळी घाला, आधी घातला तर पाणी सुटतं. मुर्रा वेगळ्या पुडीत न्या, नाहीतर चार वाजेपर्यंत लगदा होतो. फल्लीदाणे भाजून घ्या, तळून नाही. सहाही जण इतके लक्ष देऊन ऐकत होते की माझी चौथीची पोरं तशी कधी ऐकत नाहीत. आणि साहू आणि वर्माला मी एवढंही सांगितलं की डॉक्टरकडे जा, वर चढायच्या आधी तरी जा. ते हो म्हणाले. तूही हो म्हणायचास.

परवा साहूचा फोन आला. समोसे बंद. पाळी तीच ठेवलीय, फक्त आता ज्याची पाळी तो चणे आणतो. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने मीठ जास्त टाकलं म्हणे, तरी सगळ्यांनी खाल्लं. मग म्हणाला, "दीदी, बुधवार को दिनू भैया की पाली रहती थी। काट दें क्या?"

मी म्हटलं, काटू नका. कुम्हारीहून येताना सुपेला चौक लागतोच, सकाळी माझ्याकडून डबा घेऊन जा.

आज मंगळवार. शाळेतून आल्यावर चणे निवडले आणि भिजत घातले. मोठा गंज पुरला नाही म्हणून दोन भांड्यांत घालावे लागले. किराणावाल्याला वाटलं घरात काही कार्यक्रम आहे. त्याला मी काही सांगितलं नाही. चणे घेताना मला आपली आई आठवली, आणि पहिल्यांदाच मी मनातल्या मनात तिलाही उलट उत्तर दिलं.

एवढं सोपं होतं, दिनू. रडू येतं ते याचंच. एक दिवस दारात उभं राहून तू मला पूर्ण वाक्यात सांगायचं होतंस की ताई, आम्ही सात जण आहो. मी भांडले असते. महिनाभर भांडले असते तुझ्याशी. पण केलं असतं.